बिनठिणगीचे चक्र

आमच्या घरात एक मोटारगाडी आहे. हातभर लांबीची, पांढऱ्या प्लॅस्टिकच्या अंगाची, मागे जाड खडबडीत टायर असलेली. माझा धाकटा भाऊ तेव्हा बोटीवर नोकरीला होता. १९८५ साली जपानच्या फेरीवरून येताना त्याने ती पुतण्यासाठी आणली. तामिया कंपनीची 'ग्रासहॉपर', म्हणजे नाकतोडा. आली ती सुट्या भागांच्या खोक्यात. जोडायला मुलाला आणि मला दोन रविवार लागले. हातातल्या रिमोटचा खटका दाबला की ती वायरीवाचून अंगणभर धावायची आणि शेजारपाजारची झाडून सारी पोरे तिच्यामागे पळायची.

मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता. एका संध्याकाळी वीज गेलेली असताना त्याने गाडी उचलून धरली, चाके हवेत फिरवली, आणि मोटरीच्या बुडाशी असलेल्या फटीतून त्याला निळसर ठिणग्या दिसल्या. मी शाळेत विज्ञान शिकवीत असे, त्यामुळे उत्तर तयार होते. मोटरीत कार्बनचे दोन ब्रश असतात, ते फिरत्या तांब्यावर घासतात, म्हणून ठिणग्या. त्याने विचारले, घासतात, झिजतात आणि ठिणग्याही उडवतात, तर हे ब्रश काढूनच का टाकत नाहीत? मी वर्गातला आवाज काढून सांगितले की ब्रशवाचून मोटर फिरणे शक्यच नाही, आणि विषय मिटवला. थोड्या वेळाने वीज आली. डोक्यावरचा पंखा फिरू लागला. त्या पंख्याला ब्रश नसतात हे मला पुरते ठाऊक होते. तरीही मी काही बोललो नाही.

गेल्या मे महिन्यात त्याच मुलाचा मुलगा सुट्टीला आला आणि माळ्यावरची खोकी त्याने खाली काढली. नाकतोडा सापडला. जुनी निकेल-कॅडमियम बॅटरी पांढरी भुकटी धरून बसली होती, ती टाकून ७.२ व्होल्टची नवी आणली. गाडी चालली, पण पोराला ती फारच मवाळ वाटली. आपण हिला दणकट मोटर बसवू, असे त्याने परस्पर ठरवूनही टाकले. त्या कामात पुढचे तीन आठवडे गेले, आणि त्या तीन आठवड्यांत मला एका माणसाची सारखी आठवण येत राहिली. निकोला टेस्ला. नातवाला हे नाव मोटारींच्या कंपनीमुळे माहीत होते. ती कंपनी २००३ साली निघाली. मूळचा टेस्ला त्याआधी साठ वर्षे वारला होता.

त्याचा जन्म १० जुलै १८५६चा, आजच्या क्रोएशियातल्या स्मिल्यान नावाच्या खेड्यातला. तेव्हा तो मुलूख ऑस्ट्रियाच्या बादशहाचा होता. घराणे सर्बियन, वडील मिलुटिन हे ऑर्थोडॉक्स पंथाचे धर्मगुरू. आई शाळेत गेलेली नव्हती, पण लांबलचक वीरगीते तिला तोंडपाठ होती आणि घरकामाची लहानसहान अवजारे ती स्वतः बनवी. आपली कल्पकता आईकडून आली असे टेस्ला पुढे आयुष्यभर मानत आला. थोरला भाऊ दाने अतिशय हुशार म्हणून घरादाराचा लाडका. तो घोड्याच्या अपघातात गेला. धाकट्याने नंतर काहीही चांगले केले तरी आईवडिलांना गेलेल्याचीच आठवण व्हायची. हे त्याने म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींत आहे, आणि ते वाचताना मला नेहमी थांबावेसे वाटते.

वडिलांना वाटे मुलाने धर्मगुरू व्हावे. शिक्षण संपवून घरी आल्यावर मुलाला पटकी झाली आणि तो नऊ महिने अंथरुणाला खिळला. बरा झालो तर इंजिनियरिंगला पाठवाल का, असे त्याने वडिलांना विचारले. मरणाच्या दारातल्या मुलाला कोणता बाप नाही म्हणेल? तो उठला आणि १८७५ साली ऑस्ट्रियातल्या ग्रात्स शहरी तंत्रशाळेत दाखल झाला.

तिथे दुसऱ्या वर्षी ती घटना घडली. पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक पेश्ल यांनी पॅरिसहून आणलेले ग्राम बनावटीचे यंत्र वर्गात चालवून दाखवले. फिरवले तर वीज देणारे, वीज दिली तर फिरणारे. ब्रशांच्या ठिकाणी ठिणग्यांचा नुसता वर्षाव होत होता. मोटरीतल्या गुंडाळीने अर्धा फेरा पुरा केला की तिच्यातल्या विजेची दिशा उलटावी लागते, नाहीतर तीच गुंडाळी मागे खेचली जाते. तांब्याच्या तुकड्यातुकड्यांची एक कडी, म्हणजे कम्युटेटर, हे उलटण्याचे काम करते, आणि ब्रश तिच्यावर घासत राहतात. दर वेळी एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाताना ठिणगी. घरी मिक्सर चालताना मागच्या जाळीतून अंधारात पाहा, हेच दिसेल. वीस वर्षांच्या टेस्लाने वर्गात सुचवले की हा कम्युटेटर नसलेलेच यंत्र करता आले पाहिजे. पेश्ल यांनी त्या सूचनेवर अख्खा तास खर्ची घातला आणि ती गोष्ट अशक्य असल्याचे सिद्ध करून दाखवले.

पेश्ल वाईट शिक्षक नव्हते. टेस्लाने त्यांच्याविषयी आदरानेच लिहिले आहे. त्यांच्यापुढे होती ती वीज एकाच दिशेने वाहणारी, आणि त्या विजेपुरते त्यांचे म्हणणे बरोबर होते. १९८६च्या त्या संध्याकाळी माझ्यापुढे एवढीही सबब नव्हती.

पुढची पाच वर्षे टेस्लासाठी काही शोभादायक नाहीत. तो जुगाराच्या नादी लागला, पदवी न घेताच ग्रात्स सोडले, घरच्यांना पत्ता लागू दिला नाही. १८७९ साली वडील गेले. काही दिवस प्रागला, मग बुडापेस्टला टेलिफोनच्या कामावर. तिथे त्याला एक विचित्र आजार झाला. घड्याळाची टिकटिकही त्याला सहन होईना. त्यातून सावरत असताना १८८२ सालच्या एका संध्याकाळी तो सिगेती नावाच्या मित्राबरोबर बागेत फिरत होता. सूर्य मावळत होता, टेस्ला ग्योएटेच्या 'फाउस्ट'मधल्या ओळी म्हणत होता, आणि मध्येच तो गप्प झाला. काठी घेऊन त्याने वाळूत आकृती काढली. ग्रात्सच्या वर्गातला प्रश्न सुटला होता.

तो कसा सुटला हे मी नातवाला टाळ्यांनी समजावले. दहा मुले गोल बसवा. कोणी जागचे हलायचे नाही; एकापाठोपाठ एकाने फक्त टाळी वाजवायची. मुले जागेवरच, पण टाळी गोल फिरते. टेस्लाने बाहेरच्या स्थिर गुंडाळ्यांना दिशा बदलणारी वीज अशी पाठोपाठ द्यायची ठरवली की चुंबकत्वाची टाळी गोल फिरत राहील. मधल्या धातूच्या गाभ्याला कोणी वीज पोचवायची गरजच नाही. फिरत्या चुंबकत्वाने त्याच्यात आपोआप वीज उपजते आणि तो त्या टाळीमागे ओढला जातो. घासणारे काही नाही, ठिणगी नाही. आपल्या साध्या छताच्या पंख्याला जो कपॅसिटर असतो तो एका गुंडाळीला दुसरीच्या मागेपुढे टाळी वाजवायला लावतो, बाकी काही नाही. कपॅसिटर गेला की पंखा घुमत बसतो आणि हाताने ढकलावा लागतो, तो यामुळेच.

कल्पना डोक्यात होती, पण तिला गिऱ्हाईक नव्हते. एडिसनच्या पॅरिसच्या कंपनीने त्याला दुरुस्तीसाठी स्ट्रासबर्गला पाठवले, तिथे १८८३ साली रिकाम्या वेळात त्याने पहिली मोटर बनवली आणि ती फिरली. १८८४ साली खिशात जेमतेम चार सेंट घेऊन तो न्यूयॉर्कला उतरला. एडिसनच्या कारखान्यात काही महिने काढले. एडिसनचा सारा पसारा एकदिश विजेवर उभा होता. या पोराच्या उलटसुलट विजेत त्याला रस नव्हता. टेस्ला बाहेर पडला, त्याच्याच नावाने काढलेल्या कंपनीतून भागीदारांनी त्याला दूर केले, आणि १८८६च्या सुमारास तो दोन डॉलर रोजाने खंदक खणत होता. ज्याच्या डोक्यात जगातल्या सगळ्या गिरण्यांची मोटर होती तो माणूस कुदळ मारत होता.

मग त्याला दोन भांडवलवाले भेटले. त्यांना पटवायला त्याने म्हणे तांब्याचा मुलामा दिलेले अंडे फिरत्या चुंबकत्वात ठेवले, आणि ते गरगरत टोकावर उभे राहिले. पैसे मिळाले. मे १८८८मध्ये त्याला पेटंटे मिळाली आणि त्याच महिन्यात त्याने अमेरिकन विद्युत अभियंत्यांपुढे व्याख्यान दिले. जॉर्ज वेस्टिंगहाऊसने हक्क घेतले. इथे न्यायाने सांगायला हवे की इटलीतल्या गॅलिलेओ फेरारिस यांनी हेच तत्त्व स्वतंत्रपणे शोधून काही आठवडे आधी प्रसिद्ध केले होते, आणि आज कारखान्यात दिसते ती तीन फेजची मोटर घडवली ती जर्मनीत काम करणाऱ्या दोलिव्हो-दोब्रोव्होल्स्की या रशियन इंजिनियराने. टेस्लाचे भक्त ही नावे गाळतात. गाळल्याने टेस्ला मोठा होत नाही.

वेस्टिंगहाऊसशी झालेल्या करारात दर अश्वशक्तीमागे अडीच डॉलर ठरले होते. कंपनी अडचणीत आली तेव्हा टेस्लाने हा हक्क सोडला. त्याने करार टराटरा फाडला अशी नाट्यपूर्ण गोष्ट चरित्रांतून सांगतात. कागदोपत्री व्यवहार आहे तो १८९७चा, सुमारे २,१६,००० डॉलर एकरकमी घेऊन पेटंटे कायमची दिल्याचा. रक्कम लहान नव्हती, पण त्या अडीच डॉलरांच्या हिशेबात ती काहीच नव्हती. १८९६ साली नायगाराच्या धबधब्याची वीज बफेलो शहरात पोचली. आपल्याकडे १९१५ साली खोपोलीहून घाटाच्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली, तीही याच जातीची. स्वामी विवेकानंद १८९६ साली न्यूयॉर्कमध्ये टेस्लाला भेटले, आकाश आणि प्राण यांवर दोघे बोलले, आणि जडद्रव्य व शक्ती एकच असल्याचे टेस्ला गणिताने दाखवून देईल अशी स्वामीजींना आशा वाटली. ते गणित त्याच्याकडून झाले नाही.

आता आमच्या नाकतोड्याकडे येतो. मूळची मोटर बाजारात ३८० या आकड्याने ओळखली जाते. याच सांगाड्यावर कंपनीने 'हॉर्नेट' नावाची गाडी मोठी ५४० मोटर घालून काढली होती, त्यामुळे जागेचा प्रश्न नव्हता. मोटरीत वायरीचे वेढे कमी आणि वायर जाड, तेवढी ती जास्त वीज ओढते आणि वेगाने पळते. नातवाने कमी वेढ्यांची ५४० आणली आणि बसवली. गाडी उधळली. पन्नास पावले गेली, आणि मग रिमोट सोडून भलत्याच कोणाचे ऐकत असल्यासारखी वळली आणि कंपाउंडच्या भिंतीवर आदळली. पुढचा बंपर तुटला. शिवाय वेग कमीजास्त करणारा जुना खटका उघडून पाहिला तर त्याचे पितळी टोक काळे पडले होते. तो लहान मोटरीसाठी होता, त्याच्यावर एवढी वीज सोडणे ही आमचीच चूक.

पण गाडीने ऐकणे का सोडले? याचे उत्तर शोधताना मला नातवापुढे पुन्हा मास्तर होता आले. ठिणगी म्हणजे नुसता उजेड नसतो. प्रत्येक ठिणगी चोहीकडे रेडिओच्या लहरी फेकते. म्हणून जुन्या मोटरीच्या टोकांना बारीक कपॅसिटर डाखलेले होते, लहरी तिथेच जिरवायला. नव्या मोटरीला ते डाखायचे आम्ही विसरलो. मोठी मोटर, मोठ्या ठिणग्या; गाडी लांब गेली, रिमोटचा आवाज क्षीण झाला, आणि रिसीव्हरला स्वतःच्याच मोटरीची बडबड हुकूम वाटू लागली.

इथे टेस्ला दुसऱ्यांदा भेटतो. ज्याने मोटरीतली ठिणगी घालवली त्यानेच पुढे कित्येक मीटर लांबीच्या ठिणग्या पाडून लोकांचे डोळे दिपवले, आणि त्या ठिणग्यांच्या लहरींना कामाला लावले. १८९५ साली इकडे कोलकात्यात जगदीशचंद्र बसूंनी भिंतीपलीकडची घंटा वायरीवाचून वाजवून दाखवली होती. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये विजेच्या वस्तूंचे प्रदर्शन भरले. तिथल्या हौदात टेस्लाने सुमारे चार फूट लांबीची लोखंडी होडी सोडली. होडीत बॅटऱ्या, पंखा फिरवणारी मोटर, सुकाणू वळवणारी मोटर, दिवे, आणि कानाच्या जागी धातूच्या कणांची एक डबी. लहर आली की कण एकमेकांना धरतात आणि वीज जाऊ देतात. मग डबी उलटी होऊन कण सुटे होतात, पुढच्या हुकमाला तयार. दर लहरीगणिक एक चकती एकेक घर पुढे सरके आणि होडी वळे, थांबे, परत वळे. प्रेक्षकांतल्या कोणी ६४चे घनमूळ विचारले की होडीचे दिवे चार वेळा लुकलुकत. उत्तर अर्थात टेस्लाच देत होता.

पेटंट कचेरीतल्या तपासनिसाचा अर्जावर विश्वास बसेना. तो प्रत्यक्ष येऊन होडी बघून गेला तेव्हा नोव्हेंबर १८९८मध्ये पेटंट मिळाले. त्याच्या मथळ्यात जलयानांच्या जोडीला वाहनेही आहेत. म्हणजे आमचा नाकतोडा त्यात बसतो. अमेरिकेचे स्पेनशी युद्ध त्याच साली झालेले, तरी सरकारने होडी घेतली नाही. वॉशिंग्टनमधल्या ज्या अधिकाऱ्याकडे त्याने ही कल्पना नेली तो हसला, असे टेस्लाने लिहून ठेवले आहे. 

मला या होडीतली एक गोष्ट फार लागते. होडीवर बॅटरी, आणि बॅटरीची वीज एकाच दिशेची. तिच्यावर टेस्लाची स्वतःची मोटर फिरू शकत नव्हती. कम्युटेटरच्या विरोधात पंधरावीस वर्षे घालवलेल्या माणसाला आपल्या सर्वांत लाडक्या यंत्रात तीच जुनी ब्रशवाली मोटर घालावी लागली. बॅटरीच्या विजेला सेकंदाला हजारो वेळा टाळ्या वाजवायला लावणारे काही त्याच्या काळी नव्हते. ट्रान्झिस्टर यायला अजून पन्नास वर्षे होती, आणि ते खेळण्यात बसण्याइतके स्वस्त व्हायला त्याहून कितीतरी जास्त.

पुढचे आयुष्य उताराचे. १८९९ साली कोलोरॅडोत प्रचंड ठिणग्यांचे प्रयोग. १९०१ साली मॉर्गनच्या दीड लाख डॉलरांवर न्यूयॉर्कजवळ वॉर्डनक्लिफचा मनोरा. पैसे संपले, मनोरा पुरा झाला नाही, १९१७ साली पाडला गेला. त्यानंतर एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात, मागे थकलेली बिले. लग्न केले नाही. संध्याकाळी बागेत कबुतरांना दाणे घालायचा, जखमी पाखरे खोलीवर आणायचा. अखेरची वर्षे खोलीचे भाडे वेस्टिंगहाऊस कंपनी भरत होती. ७ जानेवारी १९४३ रोजी हॉटेल न्यूयॉर्करच्या तेहतिसाव्या मजल्यावर तो एकटाच वारला. वय ८६. रक्षा आता बेलग्रेडच्या संग्रहालयात आहे. १९६० साली चुंबकीय क्षेत्राच्या एककाला त्याचे नाव मिळाले. ते एकक मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले. हा कोण होता हे एकाही वर्गाला सांगितल्याचे आठवत नाही.

नातवाने शेवटी ५४०च्याच आकाराची बिनब्रशची मोटर मागवली आणि तिच्याबरोबर तिचा कंट्रोलर. या मोटरीत गाभ्याला कायमचा चुंबक असतो, एवढा टेस्लाच्या मोटरीहून फरक. बाकी बाहेर स्थिर गुंडाळ्या, आणि कंट्रोलर त्यांना पाळीपाळीने वीज देतो. दोनाच्या जागी तीन वायरी. मी त्याला हलक्या ताकदीचीच घ्यायला लावली, कारण गाडीचे गिअर चाळीस वर्षांपूर्वीच्या प्लॅस्टिकचे आहेत आणि ते मिळणे सोपे नाही. जोडून खटका दाबला तर गाडी उलटी पळाली. पोराचा चेहरा उतरला. मी म्हटले, तीनपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल कर. गावाकडे विहिरीवरचा थ्री फेजचा पंप उलटा फिरला की वायरमन हेच करतो. त्याने केली, आणि गाडी सरळ धावली.

रात्री दिवे घालवून आम्ही नाकतोडा उचलून धरला. चाके सुसाट फिरत होती. मोटरीच्या जागी काळोख. नातवाने नाशिकला बापाला फोन लावून दिला, आणि मी मुलाला सांगितले की १९८६ साली मी तुला चुकीचे उत्तर दिले होते. त्याला तो प्रश्न आठवत नव्हता. जुनी मोटर टाकून तर दिली नाही ना, एवढेच त्याने विचारले. ती मी गोळ्यांच्या रिकाम्या डबीत ठेवली आहे, कपॅसिटरांसकट.